इंजिनाचे नाक

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जाळायला किती हवा लागते? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक विद्यार्थ्यांचा अंदाज फार कमी येतो. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम असते, म्हणजे हवा लागते जवळजवळ ११ किलोग्रॅम. एवढी हवा सुमारे ९,००० लिटर जागा व्यापते. माणूस दिवसभरात साधारण १० ते १२ हजार लिटर हवा श्वासावाटे घेतो. म्हणजे अंधेरी-बोरिवली अशा जाण्यायेण्याच्या दोनच खेपांत मोटरसायकलचे इंजिन माणसाच्या जवळजवळ एका दिवसाइतका श्वास घेते.

आपल्या नाकात केस असतात आणि ओलसर, चिकट अस्तर असते. आत येणारी बरीचशी धूळ तिथेच अडकते. इंजिनाला असे नाक जन्मतः नव्हते. ते माणसाने नंतर करून बसवले. त्यालाच आपण एअर फिल्टर म्हणतो. कंपनीचा फिल्टर काढून बाजारातला दुसरा बसवावा का, आणि तो सांभाळावा कसा, हा प्रश्न प्रत्येक गॅरेजमध्ये विचारला जातो. हे नाक कसे घडत गेले ते पाहिले, तर त्याचे उत्तर शोधणे सोपे जाते.

धूळ नेमके काय करते?

मुंबईची उपनगरे काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसली आहेत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या खडकाचा उभा स्तंभ आहे. त्याच्या आजूबाजूचा बराच दगड खाणकामात गेला. याच जातीच्या दगडाची खडी आणि तिची भुकटी आपल्या रस्त्यांत व इमारतींत आहे. बेसाल्टमधील मुख्य खनिजे म्हणजे फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. मोजच्या काठिण्य-श्रेणीत ती ५ ते ६ च्या आसपास येतात. वाळूतील क्वार्ट्झचे काठिण्य ७ आहे. साध्या लोखंडाचे काठिण्य ४ ते ५ धरले जाते. थोडक्यात, रस्त्यावरची धूळ इंजिनाच्या धातूला ओरखडा काढू शकते.

पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) साधारण ५ ते २० मायक्रॉन आकाराचे कण हा थर भेदून दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतात आणि पॉलिश कागदासारखे काम करतात. रिंगा झिजल्या की दाब टिकत नाही, तेल वर चढून जळते आणि मागून निळसर धूर येऊ लागतो. मग सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागतो. ज्याची रोजी मोटरसायकलवर अवलंबून आहे, अशा माणसाला हा खर्च जड जातो, आणि दुरुस्ती होईपर्यंत तो निळा धूर मागच्या सगळ्यांच्या छातीत जातो.

तेल, लोकर आणि युद्ध

पहिल्या मोटारींना आणि मोटरसायकलींना एअर फिल्टर नव्हता. फार तर मोठे खडे आणि किडे अडवणारी तारेची जाळी असे. अमेरिकेत १९२४ साली आलेल्या क्रायस्लरच्या मोटारीत एअर फिल्टर आणि तेलाचा फिल्टर दोन्ही होते, आणि त्या काळी ही जाहिरात करण्याजोगी गोष्ट होती.

ट्रॅक्टर आणि ट्रक यांत पुढे ‘ऑइल बाथ’ पद्धत रुजली. तिच्यात आत येणारी हवा तेलाच्या वाटीजवळ एकदम वळवली जाते. हवा वळते, पण जड धूलिकण जडत्वामुळे सरळ जातात आणि तेलात पडतात. उरलेले कण वरच्या तेलकट जाळीत अडकतात. न्यूटनच्या पहिल्या नियमाचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र या साधनाला जागा फार लागते आणि गाडी आडवी पडली तर तेल सांडते. मोटरसायकलला ते फारसे सोयीचे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात प्रश्न तीव्र झाला. ब्रिटिश सैन्याच्या बी.एस.ए. आणि नॉर्टन मोटरसायकलींच्या टाकीवर व्होक्स कंपनीचे मोठे फिल्टर बसवले गेले. त्याच कंपनीचा फिल्टर स्पिटफायर विमानाच्या नाकाखाली लावला, तेव्हा विमानाचा वेग कमी झाला. वैमानिकांना तो आवडत नसे. तरीही तो लावला, कारण वाळू गिळलेले इंजिन फार काळ टिकत नव्हते. फिल्टर हवेला अडवतोच. किती अडथळा पत्करायचा हे धूळ किती आहे त्यावरून ठरवायचे, हा हिशोब तेव्हापासून बदललेला नाही.

याच युद्धकाळात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी तंतूंच्या गाळणीचा सखोल अभ्यास झाला. नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी १९४२ च्या सुमारास तो पुढे नेला. तोपर्यंतची समजूत अशी, की फिल्टर म्हणजे चाळण; भोकापेक्षा मोठा कण अडतो आणि लहान जातो. तंतूंचा फिल्टर असा चालत नाही. मोठे कण जडत्वामुळे तंतूवर आपटतात. मध्यम कण हवेबरोबर जाताजाता तंतूला घासून चिकटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि कुठेतरी तंतूला लागतात. पकडायला सर्वांत अवघड असतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण, कारण तिथे यांपैकी कोणतीच क्रिया जोरात चालत नाही.

यातून व्यवहारात महत्त्वाची असलेली एक गोष्ट निघते. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळणीचे काम करू लागतो. म्हणून थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ अधिक चांगली पकडतो.

भांडुपची स्कूटर आणि शंभर सीसीची मोटरसायकल

आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. मुंबईच्या उपनगरांत मात्र त्या काळी स्कूटर अधिक दिसे. त्याच दशकात भांडुपच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यात लॅम्ब्रेटा तयार होऊ लागली. पुढे ती ‘लॅम्बी’ नावाने विकली गेली. लॅम्ब्रेटाचे इंजिन दोन धावांचे होते. अशा इंजिनात हवा आधी क्रँककेसमध्ये जाते आणि मग सिलिंडरमध्ये. त्यामुळे फिल्टर फाटला तर धूळ सिलिंडरच्याही आधी क्रँकच्या बेअरिंगांना गाठते.

१९८४ ते १९८६ या काळात जपानी सहकार्याने १०० सीसीच्या मोटरसायकली आल्या: इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, हिरो होंडा सीडी १०० आणि कावासाकी बजाज. आता फिल्टर तेलात भिजवलेल्या फोमचा किंवा घड्या घातलेल्या कागदाचा होता. फोम धुऊन पुन्हा वापरता येई. नंतर अनेक गाड्यांत चिकट तेल मुरवलेला कागदी फिल्टर आला. हा धुवायचा नसतो आणि हवेने झाडायचाही नसतो. पुस्तिकेत दिलेले अंतर झाले की बदलायचा असतो.

बाजारातला फिल्टर

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे मोटरसायकलच्या व्यवसायातील दोन मित्रांनी १९६० च्या दशकात सुती जाळीचे पदर तेलात भिजवून फिल्टर केला. के अँड एन या नावाने तो जगभर पसरला. पुष्कळदा धुता येतो आणि हवेला अडथळा कमी करतो, हे त्याचे दोन गुण. शर्यतीत इंजिन सतत पूर्ण जोरात चालते आणि शर्यतीनंतर ते उघडलेही जाते, म्हणून तिथे हा सौदा परवडतो. घाटकोपरच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीचा थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो. हवेला खरा अडथळा तिथे थ्रॉटलचाच आहे, फिल्टरचा नव्हे. त्यामुळे मोकळ्या फिल्टरने शहरात शक्ती वाढल्याचे जे वाटते, त्यात मोठा वाटा वाढलेल्या आवाजाचा असतो.

फिल्टरच्या पाकिटावर ‘९९ टक्के धूळ अडवतो’ असे छापलेले असते. हे आकडे वजनाचे असतात. कसोटीसाठी लागणारी प्रमाणित धूळ मुळात अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातून गोळा केली जाई. १९९७ मध्ये तिच्या प्रती आंतरराष्ट्रीय मानकात निश्चित झाल्या. बारीक आणि भरड प्रतींत मोठा फरक आहे. भरड धुळीवर ९९ टक्के मिळवणे सोपे असते. आणि ९९ व ९८ मधला फरक एका टक्क्याचा दिसला, तरी इंजिनात जाणारी धूळ दुप्पट होते.

आमच्या मते उपनगरांतील रोजच्या गाडीसाठी निवडीचा क्रम असा असावा. पहिली पसंती गाडीच्या कंपनीचा किंवा तिने मान्य केलेला कागदी फिल्टर. तेलकट सुती फिल्टर घ्यायचाच असेल तर तो मूळ फिल्टरच्या पेटीत तंतोतंत बसणारा घ्यावा. पेटीच काढून उघडा कोन फिल्टर लावणे सर्वांत वाईट, कारण तो पावसाचे आणि चाकाने उडवलेले पाणीही ओढतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. साचलेल्या पाण्यात गाडी घालायची वेळ येणाऱ्या शहरात हवेची वाट जितकी उंच आणि झाकलेली, तितकी बरी. शिवाय कार्बुरेटरच्या गाडीत हवा वाढली की मिश्रण विरळ होते, इंजिन तापते आणि जेट बदलावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींत इंधन इंजेक्शन आले. तिथे संगणक काही प्रमाणात जुळवून घेतो, पण फार तेल लावलेल्या फिल्टरमधून उडणारे तेल सेन्सरवर बसू शकते.

निगा राखताना

फिल्टर धुळीने जितके बिघडतात, तितकेच ते चुकीच्या साफसफाईने बिघडतात. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदाला दिसणार नाहीत अशी छिद्रे पडतात. साधा कोरडा कागदी फिल्टर हलकेच आपटून झाडावा. हवा मारायचीच तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. फोम पेट्रोलने धुऊ नये: आगीचा धोका आहे आणि जोड सुटतात. साबणाच्या पाण्यात दाबून धुवावा, पिळू नये, सावलीत पूर्ण वाळवून पुस्तिकेत सांगितलेले तेल लावावे आणि जास्तीचे दाबून काढावे. तेल न लावलेला फोम मोठे कण तेवढे थांबवतो. सुती जाळीला तिच्यासाठीचेच तेल लागते. शेवटी रबरी कडा आणि नळीची पकड तपासावी. तिथे केसाएवढी फट राहिली तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आणि उत्तम फिल्टरही निरुपयोगी ठरतो. खोदकाम चालू असलेल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्याने पुस्तिकेतील अंतराच्या निम्म्यावरच फिल्टर पाहून घ्यावा.

वर्गात करून पाहा

गॅरेजमध्ये टाकून दिलेला कोरड्या कागदाचा फिल्टर मागून आणा. नाकावर रुमाल बांधून तो पांढऱ्या कागदावर हलकेच झाडा. कागदात गुंडाळलेले चुंबक धुळीवरून फिरवले की काळे कण चिकटतात. त्यांत बेसाल्टमधील मॅग्नेटाइट असते, तसेच ब्रेकमधून झिजलेले लोखंडही. उरलेल्या धुळीवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुना किंवा सिमेंटची धूळ आहे, असा अंदाज करता येतो. मग दोन काचपट्ट्यांमध्ये चिमूटभर धूळ घासा आणि काचेवरचे ओरखडे भिंगातून पाहा. सिलिंडरच्या भिंतीवर हेच होत असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे, पाण्याचे फवारे आणि झाकलेले ट्रक यांबाबत नियम जाहीर केले. धूळ उगमापाशीच अडवण्याचा तो प्रयत्न आहे. विद्यार्थ्यांना आपल्या शाळेजवळचे एखादे बांधकाम पाहून यांतले काय प्रत्यक्षात होते, याची नोंद महिनाभर करायला सांगावी. मोटरसायकलचा फिल्टर बदलता येतो. त्या रस्त्याने चालत शाळेत येणाऱ्या मुलांना ती सोय नाही.