सकाळची बोटं

चरकसंहितेत वातरक्ताची काही पर्यायी नावं येतात. त्यांतलं एक 'आढ्यवात'. आढ्य म्हणजे धनवान. नाजूक प्रकृतीची, चांगलंचुंगलं खाणारी, चालण्याचा कंटाळा असलेली माणसं या दुखण्याच्या तावडीत सापडतात, असं चरक सांगतो. तिकडे इंग्लंडात थॉमस सिडनहॅम या वैद्याला स्वतःलाच गाउट होता. १६८३ साली त्यानं त्यावर ग्रंथ लिहिला आणि हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना, मूर्खांपेक्षा शहाण्यांना जास्त मारतो, अशी स्वतःची समजूतही काढून घेतली. (विनोदच, पण सुजलेल्या अंगठ्यानं केलेला.) वातरक्त आणि गाउट हे नेमके एकच, असं मी म्हणणार नाही. पण दोन्हीकडे खाऊनपिऊन सुखी माणसाच्या सांध्याकडे वैद्यांनी निरखून पाहिलं होतं, एवढं खरं.

मी हे वाचत बसले ते आईच्या बोटांमुळे. अडुसष्टाव्या वर्षी तिची बोटं वळेनाशी झाली आणि त्या दुखण्याला नाव मिळायला दीड वर्ष लागलं. तेव्हा प्रश्न पडला, कोणाच्या दुखण्याला नाव लवकर मिळतं?

पॅरिसमधलं सालपेत्रिएर हे रुग्णालय मुळात बंदुकीच्या दारूचा कारखाना होतं. दारूत लागणाऱ्या सोऱ्यावरूनच त्याचं नाव पडलं. पुढे तिथे निराधार, म्हाताऱ्या, वेड्या ठरवलेल्या बायका आणून ठेवू लागले. ऑग्युस्तँ लांद्रे-बोव्हे हा तरुण डॉक्टर तिथे काम करत होता. १८०० सालच्या आपल्या प्रबंधात त्यानं नऊ रुग्णांची हकीकत दिली. नऊही बायका. एकाच वेळी अनेक सांधे सुजलेले, दुखणं वर्षानुवर्षं चाललेलं, शरीर खंगत गेलेलं. श्रीमंतांच्या गाउटपेक्षा हे वेगळं आहे हे त्याला दिसलं, पण नाव देताना हात गाउटकडेच गेला. त्यानं त्याला 'मूळचा अशक्तपणाचा गाउट' म्हटलं. गरीब बाईच्या आजाराला नाव मिळालं तेही श्रीमंत पुरुषाच्या आजाराकडून उसनं घेऊन.

त्याच इमारतीत पन्नासएक वर्षांनी शार्को आला. आज तो ओळखला जातो मज्जासंस्थेच्या आजारांसाठी, पण त्याचा १८५३ सालचा प्रबंध सांध्यांच्या याच जुनाट दुखण्यावर होता, आणि म्हातारपणाच्या आजारांवरची त्याची व्याख्यानं १८६७ साली पुस्तकरूपानं आली. त्यानं ज्यांच्याकडे पाहून लिहिलं त्या बायकांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. म्हणून त्या वर्षानुवर्षं नजरेखाली राहिल्या, आणि मेल्यावर त्यांचं शवविच्छेदनही करता आलं. हे वाचताना मला कौतुक वाटतं आणि अंगावर काटाही येतो.

शेवटी गाउट वेगळा काढला लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यानं. १८४८ साली त्याला गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल जास्त असल्याचं आढळलं. पुढे त्यानं एक साधी युक्ती काढली. रुग्णाच्या रक्तद्रवात थोडं आम्ल घालून एक धागा बुडवून ठेवायचा. गाउट असेल तर धाग्यावर स्फटिक धरतात. दुसऱ्या दुखण्यात धागा कोराच राहायचा. त्या दुसऱ्या दुखण्याला त्यानं १८५९ साली 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' म्हटलं. 'ऱ्हुमा' म्हणजे ग्रीकमध्ये वाहणं, 'ऑइड' म्हणजे सारखं. वाहण्यासारखी सांध्यांची सूज! अनुवादाला असा शब्द आला असता तर मी लेखकाला पत्र लिहिलं असतं.

आपल्याकडे माधवाच्या 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे. त्यातली वेदना विंचू डसल्यासारखी आहे. 'आम' म्हणजे कच्चं, न पचलेलं; आपल्या 'आमांश'मधला तोच. या निदानग्रंथाचा सारांश नवव्या शतकात तबरीच्या अरबी वैद्यकग्रंथातही गेला. आज आमवात हा ऱ्हुमॅटॉइडचा प्रतिशब्द म्हणून सर्रास वापरतात. मला ही घाई वाटते; दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की कडा जुळतातच असं नाही. बाकी बोलीत सगळा एकच गोंधळ. बंगालीत 'बात', हिंदीत 'गठिया', तमिळमध्ये 'कीलवादम', मराठीत 'संधिवात'. झिजलेला गुडघा, युरिक आम्लानं सुजलेला अंगठा आणि आईची बोटं, सगळी या एका शब्दात बसतात.

आई नांदेडहून हैदराबादला माझ्याकडे आली तेव्हा डॉक्टरांपुढे तिची दुभाषी मीच होते. ती म्हणाली होती, "सकाळी पोळी लाटता येत नाही गं, बोटं धरलेली असतात. दुपारी येते लाटता." मी डॉक्टरांना सांगितलं, "हाथों में और घुटनों में दर्द है।" त्यांनी गुडघ्याचं एक्सरे चित्र पाहिलं, वय झालं म्हणाले, कॅल्शियम दिलं. दोष त्यांचा जेवढा, तेवढाच माझा. झिजेचं दुखणं कामानं वाढतं, विश्रांतीनं कमी होतं. सुजेचं दुखणं उलट, रात्रभर पडून राहिलं की सकाळी सांधे आखडतात आणि हलवले की मोकळे होतात. आईच्या दोन वाक्यांत हा फरक पुरता होता. मी त्यातली सकाळ आणि दुपार दोन्ही गाळली. तेवीस वर्षं मजकुरातला एक उद्गारवाचकही गाळू नये असं शिकवत आले, आणि इथे सारांश सांगून मोकळी झाले.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "सुबह अकड़न कितनी देर रहती है?" या वेळी मी फक्त प्रश्न मराठीत सांगितला. आई म्हणाली, "आंघोळीचं पाणी तापवून ठेवते, ते गार होईपर्यंत." मी तेही जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मग आईनं आणि त्यांनी मिळून हिशेब केला, तो दीड तासाच्या आसपास निघाला. रक्ततपासण्या झाल्या. त्यांतली एक उतारवयात निरोगी माणसातही कधी कधी होकारार्थी येते, म्हणून त्यांनी एका कागदावर भरवसा ठेवला नाही. आईचे सगळे सांधे एकेक करून दाबून पाहिले.

उजव्या हाताची करंगळी आता सरळ होणार नाही. पाटली काढून ठेवली आहे. आजाराचं नाव आईला अजून उच्चारता येत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तिला ती 'मंगळवारची' म्हणते. डॉक्टरांकडे गेलं की मला गप्प बसवून तीच सकाळपासून सांगायला सुरुवात करते.