व्हिएतनामी अमेरिकी स्त्रिया आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी

अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या व्हिएतनामी स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण विसाव्या शतकाच्या अखेरीस असाधारणपणे जास्त आढळले. १९८८ ते १९९२ या काळातील कर्करोग नोंदणीनुसार दर १ लाख व्हिएतनामी स्त्रियांमागे दरवर्षी सुमारे ४३ स्त्रियांना हा आजार होत असे. नोंद झालेल्या वांशिक गटांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक असून गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ते सुमारे पाचपट होते. तपासणीमुळे मोठ्या प्रमाणावर टाळता येणारा हा आजार या समाजात इतका का आढळतो, या प्रश्नातून तपासणीच्या मार्गातील सांस्कृतिक समजुती व अडथळे यांचा अभ्यास सुरू झाला.

पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो. संसर्गानंतर कर्करोग होण्यास सहसा अनेक वर्षे लागतात. या काळात पेशींमध्ये होणारे बदल पॅप चाचणीत दिसतात आणि त्यांवर उपचार करता येतात. ही चाचणी जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी विकसित केली.

१९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपल्यावर निर्वासितांचे मोठे गट अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातील ऑरेंज व सांता क्लारा या काउंटींमध्ये त्यांच्या मोठ्या वसाहती निर्माण झाल्या. मायदेशी त्या काळी पॅप चाचणीची देशव्यापी व्यवस्था नव्हती. त्यामुळे कोणताही त्रास नसताना तपासणी करून घेणे ही कल्पनाच अनेक स्त्रियांना नवीन होती.

सांस्कृतिक समजुती

अभ्यासांमध्ये पुढील समजुती वारंवार नोंदल्या गेल्या आहेत :

- लक्षणे नसतील तर तपासणीची गरज नाही.
- आजारपण हे दैव किंवा कर्माचे फळ असून ते टाळता येत नाही.
- वैयक्तिक स्वच्छता आणि बाळंतपणानंतरची पारंपरिक काळजी नीट घेतल्यास हा आजार होत नाही.
- अविवाहित स्त्रीने ही तपासणी करून घेतल्यास तिच्या चारित्र्याविषयी शंका घेतली जाईल.

याखेरीज लज्जा आणि पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यातील संकोच हेही महत्त्वाचे घटक आहेत. नेहमीचा डॉक्टर पुरुष असलेल्या स्त्रियांमध्ये चाचणीचे प्रमाण तुलनेने कमी आढळले.

व्यावहारिक अडथळे

इंग्रजी भाषा न येणे, आरोग्य विमा नसणे, गरिबी आणि ठरावीक डॉक्टर नसणे हे प्रमुख व्यावहारिक अडथळे होत. चाचणी करून घेण्याशी सर्वाधिक निगडित घटकांमध्ये डॉक्टरांची स्पष्ट शिफारस हा एक होता. व्हिएतनामी डॉक्टर भाषेच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी त्यांच्याकडूनही ही शिफारस नेहमी होत नसे.

संस्कृती की सुविधा?

स्थलांतरितांचे कमी तपासणी-प्रमाण केवळ त्यांच्या परंपरेशी जोडण्याच्या दृष्टिकोनावर टीका झाली आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, व्हिएतनामी स्थलांतरितांच्या एका सर्वेक्षणावर आधारित अभ्यासाने पारंपरिक आरोग्यविषयक समजुती व प्रथा या स्वतःहून आरोग्यसेवेच्या आड येत नाहीत, असा निष्कर्ष काढला. वनौषधी घेणारी स्त्री आधुनिक तपासणी नाकारतेच असे नाही. दोन्ही पद्धतींचा एकाच वेळी अवलंब करणारे अनेकजण असतात. समजुतींना सर्व दोष दिल्यास विमा, दुभाषी आणि स्त्री डॉक्टर यांची उणीव दुर्लक्षित राहते, असे या टीकेचे सार आहे.

उपाययोजना

अल्प उत्पन्न गटातील स्त्रियांना मोफत किंवा अल्प दरात तपासणी मिळावी यासाठी अमेरिकेच्या संसदेने १९९० मध्ये कायदा केला. समाजपातळीवर व्हिएतनामी भाषेतील वृत्तपत्रे, रेडिओ व दूरचित्रवाणी यांचा वापर करण्यात आला. त्याच समाजातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून नेमण्यात आले. त्या आपल्या ओळखीच्या स्त्रियांना एकत्र जमवून मातृभाषेत माहिती देत.

सांता क्लारा काउंटीतील १,००५ स्त्रियांच्या अभ्यासात (२००७) या पद्धतीची परिणामकारकता तपासली गेली. पूर्वी कधीही चाचणी न केलेल्यांपैकी, प्रसारमाध्यमांसोबत आरोग्यसेविकांचाही संपर्क लाभलेल्या गटातील ४६ टक्के स्त्रियांनी चाचणी करून घेतली. केवळ माध्यमांतून माहिती मिळालेल्या गटात हे प्रमाण २७.१ टक्के होते.

पुढील काळात व्हिएतनामी अमेरिकी स्त्रियांमधील या कर्करोगाचे प्रमाण बरेच घटले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एचपीव्ही चाचणीसाठी आरोग्यकेंद्रात स्त्रीने स्वतः नमुना घेण्याच्या पद्धतीस मान्यता दिली. या पद्धतीत डॉक्टरकडून अंतर्गत तपासणीची आवश्यकता नसल्याने संकोचाचा अडथळा कमी होऊ शकतो. मात्र नमुन्यात दोष आढळल्यास पुढील तपासणी व उपचार आवश्यकच असतात.

हे सुद्धा पहा

- गर्भाशयमुखाचा कर्करोग
- पॅप चाचणी
- व्हिएतनामी अमेरिकी