घोडा कोणाचा? बारगीर, शिलेदार आणि मराठी फौज

मराठी फौजेतील स्वारांचे दोन वर्ग घोड्याच्या मालकीवरून पडत. सरकारी पागेतला, म्हणजे राज्याच्या तबेल्यातला घोडा, आणि बहुधा हत्यारही सरकारचेच घेऊन जो चाकरी करी तो बारगीर. स्वतःचा घोडा व हत्यार आणून जो फौजेत उभा राही तो शिलेदार. दोन्ही शब्द फारसीतून आलेले आहेत. शस्त्र बाळगणारा तो शिलेदार हा अर्थ सरळ आहे. बारगीर या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ओझे वाहणारे जनावर असा असून दुसऱ्याच्या जनावरावर बसणाऱ्या माणसाला तो पुढे कसा चिकटला, हे भाषेच्या अभ्यासकांना रंजक वाटावे. हा भेद वरवर हिशेबनिसाच्या वहीतला वाटतो. परंतु शिपायाचे वेतन, त्याची शिस्त, ऐन लढाईत पुढे घुसण्याची त्याची तयारी आणि त्याच्या सरदाराची राज्यातील पत या चारही गोष्टी त्याच एका प्रश्नाशी बांधलेल्या होत्या.

शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीत आढळते. त्यानुसार 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार आणि 10 जुमल्यांवर एक हजारी अशी चढती रचना होती, आणि सर्व घोडदळावर सरनोबत हा मुख्य अधिकारी असे. दर 25 घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे कातडी पखालीतून पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद नेमलेला असे, ही या वर्णनातील सर्वांत बोलकी नोंद म्हटली पाहिजे. कारण तलवारीची गणती कोणतेही राज्य करते, पण नाल आणि पाणी यांची तजवीज ज्याने आधी केली त्याला घोडदळ कशावर चालते हे ठाऊक होते. जुमलेदाराला सालीना 500 होन व हजाऱ्याला 1000 होन वेतन असल्याचे बखर सांगते (होन हे तेव्हाचे सोन्याचे नाणे). वेतन रोख किंवा वरातेने, म्हणजे एखाद्या महालाच्या खजिन्यावर काढलेल्या लेखी हुकमाने दिले जाई. वेतनापोटी गावे तोडून द्यायची नाहीत, असे धोरण होते. शिलेदार या फौजेत होतेच. परंतु पागेचे बळ त्यांच्याहून अधिक ठेवलेले होते आणि त्यांना पागेच्या अंमलदारांच्या हाताखाली वागावे लागे.

फौजेचे वर्ष पावसावर बेतलेले होते. पावसाळ्याचे चार महिने ती स्वमुलखात छावणीला येई, जिथे दाणा, वैरण आणि औषधे आधीच साठवून ठेवलेली असत. दसऱ्याला ती मुलुखगिरीस, म्हणजे परमुलखातील मोहिमेस निघे आणि आठ महिने बाहेर राहून तिथल्याच वसुलीवर पोट भरी. निघताना प्रत्येकाजवळील चीजवस्तूंची यादी होई व परतल्यावर तीच यादी समोर ठेवून झडती घेतली जाई. जास्तीचे निघाले तर ते सरकारजमा होई किंवा वेतनातून वळते केले जाई. लष्करात बायका, बटकी किंवा कलावंतिणी बरोबर घेण्यास सक्त मनाई असून ती मोडणाऱ्यास देहदंड सांगितलेला होता, आणि शत्रूच्या मुलखातील बायकामुलांना धरू नये, असाही नियम होता.

हे नियम कागदावरच राहत नसत याचा पुरावा चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना महाराजांनी पाठवलेल्या पत्रात मिळतो. दाणा-वैरण आताच मन मानेल तशी उधळली तर ऐन पावसात घोडे उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, गवत, लाकूड, भाजीपाला ओढून आणतील, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात पळवील व गवताच्या गंजींना आग लागेल, इथपर्यंत हा इशारा जातो. नेसरीला प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले तो प्रसंग लोकस्मृतीने अधिक जपला हे स्वाभाविक असले, तरी सेनानायकत्वाचा अभ्यास करणाऱ्याने उंदराच्या वातीचा विचार करणारे हे पत्रच आधी वाचावे.

1689 मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि रोख वेतन देण्याइतका खजिना उरला नाही. तेव्हा सरदारांना सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्याच्या अटीवर मुलखाचे उत्पन्न, देण्याची वाट धरली गेली. तिच्यावाचून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणे अशक्यच होते, म्हणून तिला चूक म्हणणे अन्यायाचे होईल. परिणाम मात्र दूरगामी झाला. शिपाई आता राज्याचा चाकर न राहता सरदाराचा झाला, आणि पेशवाईत हुजुरातीच्या, म्हणजे खुद्द छत्रपती-पेशव्यांच्या पागा राहिल्या तरी फौजेचा मोठा भाग सरदारांच्या पथकांचा व त्यांतील शिलेदारांचा बनला.

शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल होते. मोहिमेपूर्वी त्याला नालबंदी नावाची आगाऊ रक्कम मिळे, घोडा पाहून त्याचे वेतन ठरे, आणि भीमथडीचे काटक तट्टू असले तरी ते मेल्यास नवे घेण्याची ऐपत सर्वांजवळ नसे. घोडा गेला की शिलेदार पायउतार होई किंवा दुसऱ्याचा बारगीर बने. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या टोन या परदेशी अधिकाऱ्याने मराठी स्वार तोफाबंदुकांसमोर घोडा घालण्यास का बिचकतो, याचे कारण असेच दिले आहे. आज ‘बिनीचा शिलेदार’ हा शब्दप्रयोग आघाडीवर लढणाऱ्यासाठी वापरला जातो (बिनी म्हणजे फौजेची पुढची तुकडी); पण शिलेदाराला बिनीवर उभे करणे म्हणजे त्याचे अख्खे घर डावावर लावणे होते, हे तो वापरताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

पानिपतावर ही सारी दुखणी एकत्र आली. झडतीची व सड्या, म्हणजे लवाजम्याविना निघणाऱ्या, फौजेची जुनी शिस्त सुटलेली होती; सदाशिवरावभाऊंच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर कुटुंबे, यात्रेकरू आणि बाजारबुणगे, म्हणजे लष्करामागे चालणारे न लढणारे लोक, फार मोठ्या संख्येने होते. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर 1760 मध्ये मारले गेले, कहीला म्हणजे गवत-लाकूड आणायला बाहेर पडणाऱ्या टोळ्या शत्रूच्या हाती सापडू लागल्या, आणि 14 जानेवारी 1761 रोजी फौज रणात उतरली तेव्हा माणसे उपाशी आणि घोडे खंगलेले होते. इब्राहिमखान गारदी याचे कवायती पायदळ त्या दिवशी अखेरपर्यंत झुंजले. त्याच्याशी जुळवून लढण्याची सवय घोडदळाला नव्हती.

महादजी शिंद्यांनी यातून धडा घेतला आणि द ब्वाञ या सेनानीकडून युरोपीय पद्धतीचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, उभारून त्यांच्या पगारासाठी दुआबातील मुलूख तोडून दिला. पगार नियमित मिळतो म्हणून कंपूत शिस्त राहिली. उलट बाकीच्या फौजेत थकबाकी हाच कायमचा रोग होता. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत 1809 साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून कसे बसत, याचे वर्णन केले आहे. धरणे धरणारा स्वतः उपाशी राही व ज्याच्याकडे येणे असे त्यालाही जेवू देत नसे. ज्या राज्यात शिपायाला पगारासाठी उपास काढावा लागतो, त्याच्या फौजेला भेकड म्हणण्याचा इंग्रज लेखकांचा प्रघात उथळ होता.

गंमत अशी की मराठी राज्य जिंकणाऱ्या इंग्रजांनी शिलेदारी पद्धत मोडली नाही. 1817 च्या पुणे तहानंतर उभ्या राहिलेल्या पूना ऑक्झिलिअरी हॉर्समध्ये आणि हिंदुस्थानी घोडदळाच्या बहुतेक रिसाल्यांमध्ये स्वाराने स्वतःचा घोडा आणण्याची किंवा त्याची किंमत भरण्याची रीत इंग्रजांनी तशीच चालवली, कारण ती सरकारला स्वस्त पडे. पहिल्या महायुद्धात समुद्रापार मेलेल्या घोड्यांची भरपाई स्वाराच्या खिशातून होणे अशक्य ठरले आणि युद्धानंतरच्या पुनर्रचनेत ती रीत बंद झाली. पूना हॉर्स ही आज भारतीय सेनेची रणगाड्यांची रेजिमेंट आहे. रणगाडा सरकारी असतो, आणि तो चालवणाऱ्या जवानाचा हुद्दा अजूनही ‘सवार’ हाच आहे.