विडीचं गाव आणि वीस मिलिग्रॅम

जबलपूरच्या परिसरात तेंदूपत्ता आणि विडीचा धंदा किती जुना आहे, हे तुम्हाला सांगायला नको. इथल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. आज त्या विडीच्या दुसऱ्या बाजूचा इतिहास पाहू.

आधी आकडे. २०२२ साली भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाले आणि सुमारे ९ लाख माणसं कॅन्सरने गेली, असा जागतिक अंदाज आहे. पुरुषांत पहिला नंबर ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचा.

हे का होतं, याचा शोध मुंबईत परळला लागला. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या संशोधनाचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घातला. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या सवयींची तुलना केली. तंबाखू चघळणं आणि विडी ओढणं यांचा तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरशी संबंध त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला.

कारण कळलं. पण आजार पसरल्यावर आलेल्या रुग्णाचं काय?

शरीराची स्वतःची फौज गाठीवर सोडावी, ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये रुग्णाला मुद्दाम जंतूंची लागण करून तसा प्रयत्न केला होता. पण ही फौज गाठीपुढे थबकते का, याचं एक उत्तर बऱ्याच उशिरा मिळालं. आपल्या टी-पेशींवर ‘पीडी-१’ नावाचा ब्रेक असतो. गाठ तोच दाबून ठेवते. हे प्रथिन १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. २०१८ चं नोबेल त्यांना आणि जेम्स ॲलिसन यांना मिळून दिलं गेलं.

ब्रेक सोडवणारं औषध आलं, निवोलुमॅब. पण किंमत आपल्या माणसाच्या आवाक्याबाहेर. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के.

म्हणजे ज्या हॉस्पिटलात आपल्या आजाराचं कारण सांगितलं गेलं, तिथेच परवडेल असा उपायही तपासला गेला. मात्र नीट ऐका. त्या औषधाने बहुतेकांना काही महिने जास्त मिळाले, आजार मुळातून गेला नाही. १९५५ सालचं उत्तर अजूनही सगळ्यात स्वस्त आहे. तंबाखू सोडा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. घरात विडी ओढणारे काका, आजोबा असतील तर त्यांना हा भाग ऐकवा.

भेटू पुढच्या भागात.