‘क्वीन’ : आधीचे आणि नंतरचे

सोलापूर : पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या पाच मुलांनी १९५८ च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला होता. त्यात पियानोवर बसणारा मुलगा म्हणजे फारोख बुलसारा. झांझिबारमध्ये स्थायिक झालेल्या पारशी कुटुंबातील हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षणासाठी सातारा जिल्ह्यातील या थंड हवेच्या ठिकाणी आला. पियानोचे रीतसर धडे त्याने येथेच घेतले. पुढे लंडनमध्ये तो फ्रेडी मर्क्युरी झाला आणि ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक म्हणून जगभर ओळखला गेला.

क्वीनच्या चाहत्यांमध्ये एक वाद अनेक वर्षांपासून चालत आला आहे. १९८० पूर्वीचे क्वीन खरे की त्यानंतरचे? २०१८ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटानंतर बँडकडे वळलेला तरुण श्रोता बहुधा निवडक गाण्यांच्या संग्रहावरच थांबतो. त्यामुळे या वादाचे मूळ त्याच्या लक्षात येत नाही. मर्क्युरीच्या आवाजातील क्वीनचे एकूण १५ स्टुडिओ आल्बम आहेत. ते प्रसिद्धीच्या क्रमाने ऐकल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

चौघांची जडणघडण

१९७० मध्ये मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर एकत्र आले. १९७१ मध्ये बेस गिटारवादक जॉन डीकन आल्यावर संच पूर्ण झाला. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता. किशोरवयात त्याने वडिलांच्या मदतीने घरीच बनविलेली ‘रेड स्पेशल’ ही गिटार आजही त्याच्या हातात असते. टेलर दंतवैद्यकाकडून जीवशास्त्राकडे वळलेला, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, तर मर्क्युरी ग्राफिक कलेचा. चौघेही गाणी रचत असत आणि चौघांच्याही गाण्यांना ब्रिटनमध्ये मोठे यश मिळाले. बँडच्या बदलत्या वळणांचे एक कारण येथेच सापडते.

थरांवर थर

‘क्वीन’ (१९७३) व ‘क्वीन टू’ (१९७४) हे पहिले दोन आल्बम हार्ड रॉकचे असले तरी त्यांत परीकथांचे जग आहे. ‘क्वीन टू’च्या दोन बाजूंना ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी नावे होती. पहिल्या बाजूवर प्रामुख्याने मेच्या, तर दुसऱ्या बाजूवर सर्वस्वी मर्क्युरीच्या रचना आहेत. ‘शीअर हार्ट अटॅक’ (१९७४) मधील ‘किलर क्वीन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि बँडला मोठा श्रोता मिळाला.

सुरुवातीच्या अनेक आल्बमच्या वेष्टनावर, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, असा उल्लेख आवर्जून केलेला असे. त्याला कारण होते. मेच्या गिटारचे अनेक स्वर एकावर एक ध्वनिमुद्रित केल्यावर ते एखाद्या यंत्रातून निघाल्यासारखे वाटत. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९७५) मधील ‘गुड कंपनी’ या गाण्यात जुन्या जॅझ बँडची वाद्ये ऐकू येतात, पण ती सारी प्रत्यक्षात गिटारच आहे. याच आल्बममधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. त्यातील ऑपेरासारखा भाग मर्क्युरी, मे व टेलर या तिघांच्याच आवाजांचे थर चढवून सिद्ध झाला. चोवीस ट्रॅकच्या फितीवर तो पुनःपुन्हा मुद्रित करावा लागला. सोलापुरी चादरीवरील नक्षी वरून छापलेली नसते, ती धाग्यांतच विणलेली असते. या काळातील क्वीनचे संगीत तसे आहे. एवढे लांब गाणे चालणार नाही, ही शंका खोटी ठरली आणि ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पहिले वळण १९७७ चे

सिंथेसायझर आला आणि क्वीन बदलले, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः बदल त्याच्या तीन वर्षे आधीच सुरू झाला होता. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ (१९७७) मध्ये विणकाम मुद्दाम सैल केलेले आहे. मेचे ‘वुई विल रॉक यू’ जवळजवळ केवळ पायांचा ठेका आणि टाळ्यांवर उभे आहे. गिटार येते ती अखेरीस. प्रेक्षकांनाही सहज सामील होता यावे, अशीच त्याची रचना होती. मर्क्युरीचे ‘वुई आर द चॅम्पियन्स’ त्याच्या जोडीला आले. आधीची गाणी स्तब्ध बसून ऐकण्याची होती. ही हजारोंनी एका आवाजात म्हणण्याची झाली. जगभरच्या क्रीडांगणांवर ती आजही वाजतात.

यंत्राचा प्रवेश

‘द गेम’ (१९८०) पासून सिंथेसायझर आला. म्युनिकमध्ये, राइनहोल्ड मॅक या निर्मात्याबरोबर काम सुरू झाले होते. डीकनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ नृत्यसंगीताच्या बेसवर चालते. ते आणि ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’ अशी दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली; आल्बमही तेथे पहिला आला.

या यशातूनच ‘हॉट स्पेस’ (१९८२) चे धाडस घडले. फंक व डिस्कोच्या अंगाने गेलेल्या या आल्बममध्ये बराच काळ मेची गिटारच ऐकू येत नाही. जुना चाहता दुखावला तो येथे. अमेरिकेत आल्बम २२ व्या क्रमांकापर्यंतच पोचला आणि त्या वर्षीच्या दौऱ्यानंतर मर्क्युरीसह क्वीनने तेथे पुन्हा दौरा केला नाही. डेव्हिड बॉवीसोबतचे ‘अंडर प्रेशर’ मात्र याच आल्बमचे, हे टीकाकारांनी विसरू नये. हातमागावरून यंत्रमागावर गेले म्हणजे कापड वाईटच होते, असे सोलापूरकर म्हणणार नाहीत; वाण कोणते काढायचे, हे ठरविणारा माणूस महत्त्वाचा. टेलरचे ‘रेडिओ गा गा’ (१९८४) पूर्णतः सिंथेसायझरवर बेतलेले आहे. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या ‘लाइव्ह एड’ मैफलीत त्यावर सारे मैदान एकाच वेळी टाळ्या वाजवीत होते. तेथे क्वीनला लाभलेली वेळ होती अवघी वीसएक मिनिटांची.

अखेरचे पर्व

१९८७ मध्ये मर्क्युरीला एड्सचे निदान झाले. ‘द मिरॅकल’ (१९८९) पासून प्रत्येक गाण्याचे श्रेय चौघांच्या नावे देण्यात येऊ लागले, त्यामुळे श्रेयावरून होणारे मतभेद मिटले. ‘इन्युएन्डो’ (१९९१) चे शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचे आहे. त्यात ‘येस’ बँडच्या स्टीव्ह हाउने वाजविलेली स्पॅनिश ढंगाची गिटार आहे आणि १९७५ च्या महत्त्वाकांक्षेची आठवण व्हावी, असा विस्तारही. फरक एकच. तेव्हाचे नाट्य कल्पनेतले होते. आता समोर मृत्यू होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी मर्क्युरी गेला. ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे त्याला गाता आले नाही. ते मेने गायिले आणि गाणे ‘मेड इन हेवन’ (१९९५) मध्ये आले.

निष्कर्ष

कारागिरी हा निकष लावला, तर १९७४ ते १९७६ या काळाला तोड नाही. श्रोत्याशी थेट नाते, हा निकष लावला, तर नंतरचे क्वीन सरस ठरते. पण दोन्ही काळांत एक गोष्ट समान आहे : यश मिळालेली वाट पुन्हा गिरवायची नाही, हा हट्ट. ‘हॉट स्पेस’चे अपयश आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे यश ही त्या एकाच हट्टाची दोन फळे होत.

नव्या श्रोत्याने ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’, ‘द गेम’ आणि ‘इन्युएन्डो’ हे तीन आल्बम याच क्रमाने, मधले एकही गाणे न गाळता ऐकावेत. पाचगणीच्या त्या पियानोपासून हा प्रवास कोठवर गेला, हे त्यावरून पुरेसे उमगते.