आठ डाग आणि तेरा वर्षं

वेबसिरीजमध्ये एक तज्ज्ञ भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे बघतो आणि खुनी कुठे उभा होता, कुठल्या हाताने वार केला, हे दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. ही विद्या आली कुठून आणि तिच्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न आता आपल्याही दारात आलाय. म्हणून थोडा इतिहास.

१८९५ साली क्राकोव्हच्या एदुआर्द पिओत्रोव्स्की यांनी डोक्यावरच्या घावांतून रक्त कसं उडतं, यावर सशांवर प्रयोग करून निबंध लिहिला. मूळ तत्त्व सोपं आहे. थेंब सरळ खाली पडला तर डाग गोल, तिरका आदळला तर लांबट. डागाच्या रुंदीला लांबीने भागलं की आदळण्याचा कोन काढता येतो. असे अनेक डाग घेऊन दोऱ्या ताणल्या की त्या जिथे एकत्र येतात, तिथून रक्त उडालं असा अंदाज बांधतात. पण दोरी सरळ जाते आणि थेंब गुरुत्वाकर्षणाने वाकून येतो, त्यामुळे उंचीचा अंदाज चुकतो. म्हणजे गणित खरं, पण त्यालाही मर्यादा आहेत.

ही विद्या गाजली ती अमेरिकेतल्या डॉ. सॅम शेपर्ड खटल्यामुळे. १९५४ मध्ये क्लीव्हलँडजवळ त्यांच्या पत्नीचा खून झाला आणि डॉक्टरांना जन्मठेप. पॉल कर्क या प्राध्यापकांनी खोलीतले डाग तपासून सांगितलं की मारेकरी डावखुरा असावा. शेपर्ड उजव्या हाताचे. १९६६ च्या फेरखटल्यात कर्क यांची साक्ष झाली आणि शेपर्ड सुटले. मात्र आधीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती ती वृत्तपत्रांनी मांडलेल्या तमाशामुळे, डागांमुळे नव्हे.

पुढे १९७१ मध्ये हर्बर्ट मॅकडोनेल यांचा अहवाल अमेरिकेच्या न्याय खात्याने छापला. मग त्यांनी पोलिसांसाठी आठवडाभराचे वर्ग सुरू केले. मेख इथे आहे. आठवड्याचा वर्ग केलेला माणूस कोर्टात 'तज्ज्ञ' म्हणून उभा राहू लागला.

त्याची किंमत बघा. सन २००० मध्ये इंडियानात एका माजी पोलिसाची बायको आणि दोन मुलं गोळ्या घालून मारली गेली. त्याच्या टी-शर्टवर रक्ताचे आठ बारीक ठिपके सापडले. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, गोळी झाडताना उडालेलं रक्त. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, गाडीतून मुलाला बाहेर काढताना मुलीच्या रक्ताळलेल्या केसांना शर्ट घासला. ठिपके तेच, निष्कर्ष उलटे! दोनदा दोषी ठरून, दोन्ही शिक्षा अपिलात रद्द होऊन तो २०१३ मध्ये तिसऱ्या खटल्यात सुटला. घटनास्थळी मिळालेल्या स्वेटशर्टवरचा डीएनए दुसऱ्याचाच होता आणि त्या माणसाला २००६ मध्येच शिक्षा झाली होती.

२००९ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की या विद्येत अनिश्चितता प्रचंड आहे आणि तज्ज्ञांची मतं शास्त्रीय कमी, व्यक्तिनिष्ठ जास्त असतात. २०२१ च्या एका अभ्यासात ७५ कामकरी तज्ज्ञांना, कारण आधीच माहीत असलेले डाग दाखवले. सुमारे ११ टक्के उत्तरं चुकली. शंभरात अकरा! परीक्षेत हे चालेल, फाशीच्या खटल्यात?

आता आपल्याकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हा बदल चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. नुसत्या पंच आणि पंचनाम्यावर चालण्यापेक्षा कितीतरी बरा.

पण तज्ज्ञ आला म्हणजे सत्य आलं असं नव्हे. डाग रक्ताचा आहे का, कोणाचा आहे, हे प्रयोगशाळा खात्रीने सांगू शकते. तो कसा पडला, हे बहुतेकदा मत असतं. हा फरक वकिलांनी उलटतपासणीत विचारायला हवा, न्यायाधीशांनी निकालात नोंदवायला हवा. 'तुमचं प्रशिक्षण किती? तुमच्या पद्धतीत चुका किती होतात?' हे दोन प्रश्न प्रत्येक खटल्यात विचारले गेले, तरी पुष्कळ झालं.