मेण लावलेल्या तारांची कुळकथा

तांबे, पितळ, लोखंड यांच्या सळ्यांना मेणाने टाचण्या चिकटवायच्या, सळ्यांची टोके तापवायची आणि कोणत्या सळीवरची टाचणी आधी गळून पडते ते पाहायचे, हा उष्णतावहनाचा प्रयोग शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या परिचयाचा असला, तरी त्याचे मूळ विजेविषयीच्या एका तर्कात आहे हे सहसा सांगितले जात नाही. अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसजवळच्या पासी येथे राहणारे बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांचे स्नेही, डच वैद्य यान इंगनहाउस, यांच्यात जो पदार्थ वीज सहज वाहून नेतो तो उष्णताही तशीच नेत असावा काय, अशी चर्चा चाले. त्याचा निवाडा करण्यासाठी निरनिराळ्या धातूंच्या एकाच जाडीच्या तारा फ्रँकलिन यांनी मिळवल्या आणि पुढचे काम इंगनहाउस यांच्याकडे आले. हे इंगनहाउस म्हणजे व्हिएन्नाच्या राजघराण्यातील मुलांना १७६८ मध्ये देवीची टोचणी करणारे आणि वनस्पती सूर्यप्रकाशातच प्राणवायू सोडतात हे १७७९ मध्ये दाखवून देणारे गृहस्थ. धातूंचा अभ्यास हा त्यांच्या अनेक उद्योगांपैकी एक होता.

त्यांची रीत साधी होती. सर्व तारा वितळलेल्या मेणात बुडवून त्यांच्यावर मेणाचा पातळ थर चढू द्यायचा, त्यांची खालची टोके एकाच वेळी तापलेल्या द्रवात सोडायची आणि प्रत्येक तारेवर मेण किती उंचीपर्यंत वितळते ते मोजायचे. या मांडणीतील मर्म मेणाच्या थरात आहे. चकचकीत चांदी आणि काळपट लोखंड यांच्या पृष्ठभागांवरून भोवतालात जाणारी उष्णता सारखी नसते. मात्र सगळ्यांवर एकच लेप चढला की हा भेद जवळजवळ मिटतो आणि उरतो तो आतल्या धातूचा गुण. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत चांदी अग्रभागी आणि शिसे तळाशी होते.

तरीही या प्रयोगात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते. तारेतून उष्णता पुढे सरकताना वाटेतला धातूही तापवत जाते, त्यामुळे मेण वितळण्याची रेषा आरंभी किती वेगाने पुढे जाईल हे वाहकतेइतकेच त्या धातूच्या उष्णता सामावून घेण्याच्या क्षमतेवरही अवलंबून असते. लोखंडाची वाहकता, म्हणजे ठरावीक लांबी-रुंदीच्या तुकड्यातून तापमानातील एका अंशाच्या फरकाला दर सेकंदास वाहणारी उष्णता, प्रचलित एककांत ८० च्या आसपास आणि शिशाची ३५ आहे. पण शिशाला तापायला उष्णता कमी लागत असल्याने सुरुवातीला दोघांवरचे मेण जवळजवळ एकाच वेगाने वितळू लागते. फरक दिसतो तो पुष्कळ वेळाने, रेषा स्थिरावल्यावर, आणि तेव्हाही वाहकतांचे गुणोत्तर लांब्यांच्या वर्गांच्या प्रमाणात असते: चांदी शिशाच्या बारापट वाहक असूनही तिच्यावरचे मेण जेमतेम साडेतीनपट लांबीवर वितळते. टाचणी आधी कोठे पडली यावरून क्रम लावणारी शालेय आवृत्ती मूळ प्रयोगापेक्षाही सैल म्हणावी लागेल. ही गुंतागुंत सोडवण्याचे गणित जोसेफ फूरिये यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले आणि वाहकता ही स्वतंत्र, मोजता येणारी राशी ठरली.

फ्रँकलिन यांच्या मूळ शंकेचे उत्तर १८५३ मध्ये मिळाले. गुस्ताव वीडेमान आणि रुडॉल्फ फ्रांट्स यांनी धातूंच्या उष्णतावाहकतेचे विद्युतवाहकतेशी असलेले गुणोत्तर एका तापमानाला जवळपास सारखेच येते असे दाखवले. त्याचे कारण पाउल ड्रूड यांनी १९०० मध्ये असे मांडले की धातूत वीज आणि उष्णता या दोहोंचे वाहक तेच मोकळे इलेक्ट्रॉन आहेत. हा नियम धातूंपुरताच आहे. हिऱ्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, वीज त्यातून वाहत नाही, तरी तो तांब्याच्या कित्येक पट उष्णता वाहतो, कारण त्याच्या हलक्या आणि घट्ट बांधलेल्या अणूंची कंपने स्फटिकातून फारशी न विखुरता लांबवर जातात. काचेतील अणूंची मांडणी विस्कळीत असल्यामुळे हीच कंपने जागोजागी विखुरतात आणि तिची वाहकता १ च्या घरात राहते.

द्रवांच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ गोंधळ होता. पाण्याच्या तळाशी बर्फ अडकवून वरचे पाणी उकळत असतानाही तो टिकतो हे पाहून काउंट रम्फर्ड यांनी १७९७ च्या सुमारास द्रव उष्णता वाहतच नाहीत असा निष्कर्ष काढला. प्रयोग चोख होता, पण अनुमान एक पाऊल पुढे गेले. कारण वहन अत्यल्प असणे आणि मुळीच नसणे यांत भेद आहे. पाणी उष्णता वाहते, फक्त फार थोडी, आणि तळाकडून तापवल्यास हलके झालेले पाणी स्वतःच वर चढत असल्याने, म्हणजे अभिसरणाने, हे वहन झाकले जाते. बर्फाची वाहकता २.२, पाण्याची सुमारे ०.६ आणि वाफेची ०.०२५ हे आकडे एकाच रेणूच्या तीन अवस्थांचे आहेत. परंतु अवस्थेनेच सारे ठरते असेही नाही, कारण द्रव असलेल्या पाऱ्याची वाहकता ८ च्या वर आहे आणि त्याचे श्रेय पुन्हा इलेक्ट्रॉनांकडेच जाते.

वायूंत रेणू एकमेकांपासून दूर असतात आणि उष्णता टकरींतून पुढे जाते. हायड्रोजनचे हलके रेणू वेगवान असल्याने तो हवेच्या जवळजवळ सातपट उष्णता वाहतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या सिद्धान्तातून निघालेला निष्कर्ष मात्र त्या काळी चमत्कारिक वाटला असेल: वायूचा दाब निम्मा केला तरी त्याची वाहकता तशीच राहते, कारण रेणू कमी झाले तरी प्रत्येक रेणू टक्कर होण्यापूर्वी तितकाच जास्त दूर जातो. आउगुस्ट कुंट आणि एमिल वारबुर्ग यांनी १८७५ मध्ये प्रयोगाने त्याला पुष्टी दिली. म्हणूनच जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये द्रवरूप वायू साठवण्यासाठी बनवलेल्या दुहेरी भिंतीच्या काचपात्रातून, म्हणजे आजच्या थर्मासच्या पूर्वजातून, थोडीथोडकी हवा काढून भागत नसे. रेणू एकमेकांवर आदळण्याऐवजी थेट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळू लागतील इतकी ती काढावी लागे.